‘म्हणजे’ची जबाबदारी

हिंदीतला ‘कल’ मराठीत आणताना दरवेळी थांबावं लागतं : काल की उद्या? उलट मराठीतले ‘आम्ही’ आणि ‘आपण’ हिंदीत गेले की दोघांचं ‘हम’ होतं. ऐकणाऱ्याला त्यात धरलं होतं की नाही, ते पुसलं जातं. वाक्य समोर असलं तर अनुवादक निभावून नेतो. पण नुसत्या शब्दांच्या जोड्या लावायच्या असतील तर?

जीवशास्त्रात अशा याद्या रोज होतात. एकच जनुक एन्सेम्बल या डेटाबेसमध्ये एका क्रमांकाने नोंदलेलं असतं, एनसीबीआयच्या डेटाबेसमध्ये दुसऱ्या. त्यापासून बनणारं प्रथिन युनिप्रॉटमध्ये तिसऱ्याच. इथली माहिती तिथल्या माहितीशी ताडायची, तर आधी ‘हे म्हणजे ते’ असं कुणीतरी म्हणावं लागतं. संगणक ते हजारो ओळींसाठी क्षणात म्हणतो.

माणसाचं सीडीकेएन२ए हे जनुक घ्या. जनुकाची अक्षरं तीन-तीनच्या गटांत वाचली जातात. इथे एका भागातल्या त्याच अक्षरांचे गट सरकवून वाचले जातात आणि वेगळंच प्रथिन निघतं. पी१६ आणि एआरएफ : दोन्ही कर्करोगाला अडवणारी, पण वेगळ्या वाटांनी. युनिप्रॉटमध्ये त्यांच्या नोंदी दोन. यादीत जागा एकाचीच असली तर दुसरी गळते.

कॅल्मोड्युलिनचं उलट. १४, २ आणि १९ या गुणसूत्रांवरची तीन जनुकं, प्रथिन मात्र तंतोतंत तेच. युनिप्रॉटमध्ये पूर्वी त्याची एकच नोंद होती. पुढे तिच्या तीन केल्या. या जनुकांतल्या बिघाडाने हृदयाची लय जीवघेणी बिघडू शकते. रुग्णाच्या भावंडांची तपासणी करायची, तर ‘कॅल्मोड्युलिन’ एवढं कळून भागत नाही. तिघांपैकी कोणतं जनुक, ते लागतं.

चुकीची जोडी कधीतरी उघडी पडते. गळलेली ओळ मागे खूण ठेवत नाही. म्हणून एकाला दोन उत्तरं होती तिथे ‘दोन होती’ असं लिहून ठेवणं, हेही जोडणाऱ्याचंच काम. यादी ओबडधोबड दिसेल, दिसू द्यावी. कॅल्मोड्युलिनचा जुना क्रमांक युनिप्रॉटने पुसलेला नाही. तो घेऊन येणाऱ्याला नव्या तिन्ही नोंदींची वाट दाखवली जाते.

‘आम्ही’चं ‘हम’ करताना मी कधी टीप लिहिली, कधी टाळली. टाळली तिथे कुणाला वगळलं होतं, ते मूळ उघडल्याशिवाय आज मलाही सांगता येणार नाही.