धांवावयास शिकणें

वाचन : करिंथकरांस पहिलें पत्र, अध्याय ९, वचनें २४ ते २७



करिंथ नगराजवळ इस्थमस म्हणून जमिनीची एक अरुंद पट्टी आहे. तेथें प्राचीन काळीं दर दोन वर्षांनीं मोठे खेळ भरत असत. धांवण्याच्या शर्यतींत जो पहिला येई त्याच्या मस्तकावर पानांचा मुकुट घालीत, आणि तीं पानें थोड्याच दिवसांत सुकून जात. प्रेषित पौलानें करिंथकरांस पत्र लिहितांना धांवण्याचा दाखला घेतला, तो त्यांच्या रोजच्या पाहण्यांतला होता. आमच्या गांवांतही तो आज पाहण्यांतलाच आहे. पहांटे सडकेवर जा. पोलीसभरतीची तयारी करणारे मुलगे व मुली अंधारांत धांवत असतात, कारण भरतींत मुलग्यांस १६०० मीटर व मुलींस ८०० मीटर धांवावें लागतें. त्यांतील पुष्कळ शेतकऱ्यांचीं लेंकरें आहेत. डोकीवर भारा घेऊन बांधावरून चालणें त्यांस जड वाटत नाहीं. तरी पहिल्या आठवड्यांत त्यांस नवल वाटतें कीं, जे पाय दिवसभर शेतांत थकत नाहींत ते दोन फर्लांगांवर कसे थांबतात!

धांवणें हें बळाचें काम आहे असें आपण समजतों. परंतु जो धांवूं लागतो त्यास लवकरच कळून येतें कीं, तें प्रथम शिकण्याचें काम आहे. ख्रिस्ती जीविताचेंही तसेंच आहे. म्हणून आज आम्ही एका धांवणाऱ्या मिशनरीचें चरित्र आपणांपुढें ठेवितों.

एरिक लिडल यांचा जन्म १९०२ सालीं चीन देशांत तिएन्त्सिन येथें झाला. त्यांचे आईबाप स्कॉटलंडचे मिशनरी होते. १९२१ सालीं एडिंबर्ग येथील विद्यापीठांत शिकत असतां एका मित्राच्या आग्रहावरून त्यांनीं विद्यापीठाच्या शर्यतींत धांवण्याचें कबूल केलें. मध्यंतरीं सुटी आली, आणि ते सोबत्यांबरोबर सायकलीवर बसून बेन नेव्हिस डोंगराकडे दूरच्या प्रवासास गेले. परत येऊन धांवूं लागले, तों पाय ताठून गेले होते! इतकी सायकल चालवून पाय उलट कामास येईनात. पुढें टॉम मॅककर्चर नांवाचे शिक्षक त्यांस लाभले. त्यांनीं सांगितलें कीं, तुमचे स्नायू फार कठीण झाले आहेत, ते चोळून मऊ केले पाहिजेत. आमच्या तालमींतले पैलवान अंग कां चोळून घेतात हें ज्यांस ठाऊक आहे, त्यांस या बोलण्याचा अर्थ सहज कळेल.

यांतून पहिली शिकवण ही कीं, कठीणपणा म्हणजे बळ नव्हे. मंडळींत असे भाऊ असतात कीं, जे कष्टाळू आहेत, वचनें पाठ म्हणतात, कोणापुढें मान वांकवीत नाहींत. पण शेजाऱ्यानें बांध कोरला तर त्याला क्षमा करण्याची वेळ येतांच त्यांचे पाय ताठतात. कारण तें श्रम निराळे आहेत, आणि ते त्यांनीं कधीं शिकून घेतलेले नसतात. आपल्या ताठपणाला आपण विश्वासूपणा असें नांव देतों. प्रभु मात्र प्रथम आपल्याला हातीं घेऊन मऊ करितो, आणि चोळतांना दुखतेंच.

दुसरी शिकवण अशी. नवख्यानें फार जोरानें धांवूं नये. सोबत्याशीं बोलतां येईल इतक्याच वेगानें त्यानें जावें. दम लागला तर कांहीं वेळ चालावें, मग पुन्हा धांवावें. पुष्कळांस ही लाज वाटते. परंतु शरीराची रचनाच तशी आहे. छातींतला दम कांहीं आठवड्यांत वाढतो. पण हाडें व स्नायूंस बांधणारे कंडरे बळकट होण्यास महिन्यांमागून महिने लागतात. दम वाढला म्हणून जो अंतरही एकदम वाढवितो, त्याची नडगी दुखूं लागते व तो घरीं बसतो. आणखी नवल हें कीं, बळ धांवतांना वाढत नाहीं. धांवून झाल्यावर जी विश्रांति मिळते तींत तें वाढतें.

उपदेशक बंधूंनो, ही गोष्ट विशेषेंकरून आपणांसाठीं आहे. एखाद्या मनुष्याचा बाप्तिस्मा होतो. त्याचा आवेश पाहून आपणांस आनंद होतो. दुसऱ्याच महिन्यांत आपण त्याला प्रार्थना चालवावयास उभें करितों, तिसऱ्या महिन्यांत साक्ष देण्यासाठीं गांवोगांवीं नेतों. मग घरांत सोयऱ्यांचा विरोध होतो, मुलीच्या लग्नाची चिंता येते, आणि एका रविवारीं त्याची जागा रिकामी दिसते. आपण म्हणतों, तो मागें पडला. परंतु त्याचा दम वाढलेला पाहून आपणच त्याच्या कोंवळ्या हाडांवर भार घातला नाहीं ना, हें आपण विचारितों काय? अशा भावाच्या घरीं जा. त्याला दोष देऊं नका. त्याच्याबरोबर चाला. यशया संदेष्ट्याच्या चाळिसाव्या अध्यायाच्या शेवटीं पाहा : प्रथम गरुडासारखें उडण्याची गोष्ट आहे, मग धांवण्याची, आणि चालण्याची सर्वांत शेवटीं. न थकतां चालणें हें देवाचें लहान दान नव्हे.

तिसरी शिकवण. १९२३ सालीं इंग्लंडांत स्टोक येथें ४४० यार्डांच्या शर्यतींत आरंभींच धक्का लागून लिडल खालीं पडले. ते उठेपर्यंत इतर सुमारें वीस यार्ड पुढें गेले होते. तरी ते उठून धांवले व पहिले आले. प्रत्येक पडलेला पहिला येतो असें आम्ही म्हणत नाहीं. पण पडल्यानें शर्यत संपत नाहीं. निजून राहिल्यानें संपते.

चौथी शिकवण सर्वांत खोल आहे. १९२४ सालीं पॅरिस येथें ऑलिंपिक खेळ झाले. शंभर मीटर ही लिडल यांची मुख्य शर्यत, पण तिच्या पहिल्या फेऱ्या रविवारीं येत होत्या. त्यांनीं ती सोडून दिली, चारशें मीटरसाठीं मेहनत केली, आणि ११ जुलै रोजीं ४७.६ सेकंदांत ती शर्यत जिंकली. गोष्ट सांगणारे पुष्कळदां येथेंच थांबतात. पण लिडल थांबले नाहींत. १९२५ सालीं ते चीनला शिक्षक म्हणून गेले, आणि पुढें सियाओचांगच्या खेड्यापाड्यांतून सेवा करूं लागले. १९४३ सालीं जपानी लष्करानें त्यांस वेइशिएन येथील बंदिवासाच्या छावणींत ठेविलें.

त्या छावणींत आईबापांपासून दुरावलेलीं पुष्कळ मुलें होतीं. तीं रविवारीं हॉकी खेळूं लागलीं, पण पंच नसल्यामुळें भांडण जुंपलें. तेव्हां ज्या मनुष्यानें रविवारासाठीं ऑलिंपिकची शर्यत सोडिली होती, तोच पुढल्या रविवारीं मुलांचा पंच होऊन मैदानांत उभा राहिला! पॅरिसमध्यें त्यानें स्वतःचा मान सोडिला, आणि छावणींत मुलांसाठीं स्वतःचा नियमही बाजूस ठेविला. दोन्ही ठिकाणीं त्यानें स्वतःचें असें कांहींच धरून ठेविलें नाहीं. मात्र रविवारच्या बाजारासाठीं उपासना चुकविणाऱ्यानें या गोष्टीचा आधार घेऊं नये. पॅरिसचा त्याग ज्यानें केला नाहीं, त्यानें छावणीची सूट मागूं नये.

तेथें स्टीफन मेटकाफ नांवाचा एक मुलगा होता. हिंवाळ्यांत त्याचे जोडे फाटले, तेव्हां लिडल यांनीं आपले ठिगळ लावलेले धांवण्याचे जोडे त्याला दिले. थोड्याच आठवड्यांनीं, २१ फेब्रुवारी १९४५ रोजीं, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षीं, मेंदूंतील गांठीनें लिडल मरण पावले. ते मुलांस शिकवीत असत कीं, पहारेकऱ्यांचा द्वेष करूं नका, त्यांच्यासाठीं प्रार्थना करा. मेटकाफ मोठा झाल्यावर मिशनरी होऊन गेला, तो जपान देशासच!

बंधुभगिनींनो, पानांचा मुकुट सुकतो, सोन्याचें पदकही पेटींत पडून राहतें; पण दिलेले जोडे दुसऱ्याच्या पायांत चालत राहतात. तर या आठवड्यांत आपण दोन गोष्टी करूं. मंडळींत जो कोणी मागें राहिला असेल, त्याच्या दारीं जाऊन त्याच्या वेगानें त्याच्याबरोबर चालूं. आणि आपल्या मनांत जें ताठलें आहे, तें प्रभूच्या हातीं देऊं, मग कितीहि दुखो.

हे प्रभो, आम्हांस धांवावयास शिकीव. आणि आमच्या मागून येणाऱ्यांस द्यावयाला आमच्याजवळ कांहीं राहूं दे. आमेन.