विसावा आणि जू

मत्तयाच्या शुभवर्तमानातील अकराव्या अध्यायाच्या अखेरीस येशू दमलेल्या, ओझ्याने वाकलेल्या माणसांना आपल्याकडे बोलावून जे देऊ करतो, त्यासाठी मराठी बायबलात ‘विसावा’ हा शब्द योजलेला आहे, आणि बारामती-इंदापूर भागातील वाचकाला तो समजून घेण्यासाठी कोश उघडावा लागत नाही. आषाढी वारीत तुकोबांची पालखी बारामतीहून सणसर, बेलवडी, इंदापूर करीत सराटीकडे जाते, तेव्हा रात्रीच्या वस्तीला ‘मुक्काम’ म्हणतात आणि दिवसा वाटेत घटकाभर टेकण्याच्या ठिकाणाला ‘विसावा’. विसाव्याच्या जागी वाट संपलेली नसते; पंढरपूर अजून दूर असते आणि टेकलेल्या माणसाला पुन्हा उठून चालायचे असते. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात देवाच्या लोकांसाठी राखून ठेवलेल्या ज्या अंतिम विश्रांतीचा उल्लेख येतो, तिला मुक्काम म्हणता येईल. येशूच्या आमंत्रणातील विश्रांती मात्र चालत्या माणसाला वाटेतच मिळणारी आहे.

म्हणूनच त्या आमंत्रणाला जोडून लगेच ‘जू’ येते, याचे आश्चर्य वाटू नये. जू म्हणजे दोन बैलांच्या मानेवरचे लाकूड. यहुदी धर्मपरंपरेत नियमशास्त्राच्या पालनालाही जू म्हणत. येशू माणसाला जुवातून सोडवून मोकळ्या रानात धाडत नाही, तो आपले जू देतो. उतरते ते ओझे वेगळे आहे: देवाच्या दारात उभे राहण्याची योग्यता स्वतःच्या कमाईने सिद्ध करण्याचे. ही योग्यता न कमावता मिळते, या शिकवणीला ख्रिस्ती परिभाषेत ‘कृपा’ म्हणतात, आणि ती हात पसरून स्वीकारण्याला ‘विश्वास’. मोकळेपणी श्वास घेणे, निर्धास्त होणे हा अर्थ ‘विश्वास’ या संस्कृत शब्दाच्या मुळातच आहे, आणि ख्रिस्ती विश्वासाचे याहून नेमके वर्णन करणे अवघड आहे.

मात्र निर्धास्त होणे म्हणजे मुके होणे नाही. बारामतीत आयुष्य घालवलेल्या मोरोपंतांनी (1729–1794) देवाला घातलेल्या आळवणीला ‘केकावली’ हे नाव दिले. केका म्हणजे मोराची आर्त हाक. बायबलातील स्तोत्रांमध्येही अशा हाका पुष्कळ आहेत, आणि त्यांतील तक्रार अविश्वासातून येत नाही, कारण ज्याच्यावर भरवसा नाही त्याला कोणी इतक्या कळवळून हाक मारीत नाही.

विसावा आणि जू एकत्र मिळण्याचा सर्वांत बोलका दाखला बारामतीला लागून असलेल्या दौंड तालुक्यात, केडगावला आहे. पंडिता रमाबाईंनी 1883 मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला, पण धर्म मिळाला तरी स्वतः ख्रिस्त गवसला नव्हता, ही जाणीव त्यांना सुमारे आठ वर्षांनी झाली, असे त्यांनी आपल्या साक्षीत नमूद केले आहे. साक्ष म्हणजे स्वतःच्या श्रद्धानुभवाचे जाहीर निवेदन. शास्त्रे मुखोद्गत असलेल्या, तीर्थयात्रांत बालपण झिजवलेल्या या विदुषीला ज्ञानाने किंवा व्रतांनी जे दिले नव्हते, ते पापक्षमेच्या वचनावर भार टाकल्यावर मिळाले, आणि त्यानंतरचे त्यांचे आयुष्य आधीपेक्षा कितीतरी अधिक कष्टाचे झाले, हे विशेष ध्यानात घेण्याजोगे आहे. 1896–97 च्या दुष्काळात त्यांनी शेकडो अनाथ मुली आणि विधवा आपल्या आश्रयाला आणल्या. केडगावच्या माळावर मुक्ती मिशन उभे राहिले. विहिरी, शेती, विणकाम, छापखाना, आणि हे सारे चालवण्याचा आधार मुख्यतः प्रार्थना. ग्रीक आणि हिब्रू शिकून त्यांनी संपूर्ण बायबलाचे साध्या मराठीत भाषांतर केले, ते अल्पशिक्षित बायांना वाचता यावे म्हणून. 1922 मध्ये त्या वारल्या. ते बायबल प्रकाशित झाले 1924 मध्ये.