सहावा गठ्ठा

उत्तर दिल्लीत रिजच्या टेकडीवर, मलकागंजच्या वरच्या अंगाला, हिंदूराव नावाचं रुग्णालय आहे. महापालिकेचं, सुमारे ९०० खाटांचं. दिल्लीकरांना हे नाव तोंडपाठ असतं, पण हा हिंदूराव कोण असं विचारलं तर बहुतेक जण गप्प होतात. हे हिंदूराव आपल्या कागलचे. जयसिंगराव घाटगे, ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंद्यांचे भाऊ. हिंदूराव हा त्यांचा किताब. १८३३ मध्ये बायजाबाईंच्या हातून ग्वाल्हेरची सत्ता गेली, आणि पुढे हिंदूराव दिल्लीत येऊन राहिले. १८३५ मध्ये विल्यम फ्रेझर या इंग्रज अधिकाऱ्याचा खून झाला. त्याची रिजवरची हवेली हिंदूरावांनी घेतली. त्या हवेलीचं 'हिंदूराव' हे नाव पुढे रुग्णालयाला मिळालं.

रुग्णालयाजवळच अशोकाचा एक स्तंभ उभा आहे. फिरोजशहा तुघलकाने तो मेरठहून आणवला. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला दारूगोळ्याच्या स्फोटात त्याचे पाच तुकडे झाले. १८६७ मध्ये ते जोडून तो पुन्हा उभा केला. सांधे अजून दिसतात. मी पुष्कळदा या स्तंभापाशी थांबतो. समोरून रुग्णालयात येणारी-जाणारी माणसं दिसतात, आणि जवळजवळ प्रत्येकाच्या हातात एक प्लॅस्टिकची पिशवी असते. तिच्यात एक्स-रेचं मोठं पाकीट, चार घड्या पडलेली पर्ची, मागच्या वेळची औषधांची चिठ्ठी, रक्ताचे रिपोर्ट, आधार कार्डाची झेरॉक्स. रुग्ण आपला अभिलेख कक्ष स्वतःच हातात घेऊन हिंडत असतो. ती पिशवी हरवली की त्याचा आजार पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो.

संगणकाने संस्थांचा कारभार सुधारतो का, आणि तो टिकाऊ होतो का, या प्रश्नाचा विचार मी या पिशवीपासून करायला लागलो.

वेळेवर बातमी पोचल्याशिवाय कारभार चालत नाही, हे अशोकालाही ठाऊक होतं. या स्तंभावर नाही, पण गिरनारच्या सहाव्या शिलालेखात तो आपल्या प्रतिवेदकांना, म्हणजे खबर देणाऱ्या अधिकाऱ्यांना, सांगतो की, मी जेवत असलो, अंतःपुरात असलो किंवा बागेत असलो, तरी प्रजेच्या कामाची खबर माझ्यापर्यंत लगेच आली पाहिजे. सव्वादोन हजार वर्षांपूर्वी एक राजा स्वतःच्या सोयीपेक्षा माहितीचा वेग मोठा मानत होता. मला या लेखाचं फार अप्रूप वाटतं, कारण खबर कशासाठी हवी हे त्यात स्पष्ट आहे. ती साठवायची नाही, तिच्यावर काम करायचं आहे.

आपल्याकडे मराठेशाहीत लिहिण्याची व्यवस्था इतकी पक्की झाली की ती आपल्या आडनावांत उतरली. पत्रव्यवहार बघणारा चिटणीस, हिशेब बघणारा फडणीस, खजिना बघणारा पोतनीस, कागद सांभाळणारा दफ्तरदार. कागद कापडात बांधून ठेवायचे, त्याला रुमाल म्हणायचे. पुण्याच्या पेशवे दफ्तरातले ते रुमाल उघडून रियासतकार सरदेसायांनी १९३० नंतरच्या काही वर्षांत ४५ खंडांची निवड छापली, तेव्हा आपल्याला आपला इतिहास पहिल्यांदा नीट कळला. या लेखनिकांचं ऋण फार मोठं आहे. पण त्यांच्याबरोबर एक समजूतही आपल्याकडे आली, की कागद जपला म्हणजे काम झालं. इंग्रजांच्या कलेक्टर कचेरीने ती समजूत आणखी घट्ट केली.

या समजुतीला धक्का देणारं पहिलं मोठं काम रुग्णालयातूनच आलं. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८६० मध्ये लंडनच्या सांख्यिकी परिषदेपुढे एक साधी मागणी ठेवली: सगळ्या रुग्णालयांनी रुग्णांची नोंद एकाच नमुन्यात ठेवावी. एका रुग्णालयात किती मेले आणि दुसऱ्यात किती, हे ताडून बघता आलं तरच कुठे काय चुकतंय ते कळेल. नोंद माणूस वाचवण्यासाठी असते, हा विचार तिथून वाढत गेला.

संगणक आपल्याकडे आला तो मात्र वेगाचा दूत म्हणून. १९६० च्या दशकात आयुर्विमा महामंडळाने यंत्र आणायचं ठरवलं तेव्हा कर्मचाऱ्यांनी कडवा विरोध केला; नोकऱ्या जातील ही त्यांची भीती खोटी नव्हती. १९७६ मध्ये राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र, म्हणजे एनआयसी, स्थापन झालं. १९८५ मध्ये नवी दिल्ली स्टेशनवर संगणकीय आरक्षण सुरू झालं. त्याआधी ठरावीक गाडीसाठी ठरावीक खिडकी आणि जाड वह्या असत. आता कुठल्याही खिडकीवर कुठल्याही गाडीचं तिकीट मिळू लागलं. माझ्या मते त्या यशाचं कारण यंत्राच्या वेगात फारसं नाही. खिडकी आणि गाडी यांची गाठ सोडवली, हे त्याचं कारण. आधी कामाची रीत बदलली, मग यंत्र बसलं.

हे कळायला संगणक लागतच नाही, हे त्याच सुमारास अहमदनगरमध्ये सिद्ध होत होतं. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अनिल कुमार लखिना तिथे जिल्हाधिकारी होते. त्यांनी कचेरीतली टेबलं-कपाटं हलवली, माणसांची बसण्याची रचना बदलली, कुणाचं काम काय हे लिहून काढलं, येणाऱ्या लोकांची सोय आधी पाहिली, आणि वर्षानुवर्षं साठलेल्या कागदांचे ढीग निवडून काढले. 'लखिना पॅटर्न' म्हणून तो महाराष्ट्रभर गाजला. त्या काळात कारकुनी केलेल्या कुणालाही विचारा, सहा गठ्ठ्यांची पद्धत तो अजून बोटांवर मोजून सांगेल. आज निकाली काढायची प्रकरणं, उत्तराची वाट पाहणारी, नियतकालिक विवरणपत्रं, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायची, आणि सहावा गठ्ठा नष्ट करायच्या कागदांचा.

हा सहावा गठ्ठा मला सगळ्यात मोलाचा वाटतो. सरकारी अभिलेखांचे वर्ग ठरलेले आहेत: 'अ' कायमचा, 'ब' ३० वर्षं, 'क' १० वर्षं, 'क-१' ५ वर्षं, 'ड' १ वर्ष. मुदत संपलेले कागद काढून टाकण्याच्या कामाला आपल्या कचेऱ्यांत निंदणीकरण म्हणतात. शब्द शेतातला आहे. पिकात वाढलेलं तण काढणं म्हणजे निंदणी. पिकाला जागा, पाणी, ऊन मिळावं म्हणून बाई वाकून तण उपटते, तसं चालू कामाला जागा मिळावी म्हणून कारकुनाने मेलेला कागद उपटायचा. असा अचूक शब्द ज्या कुणी प्रशासनात आणला त्याला कारभारही कळत होता आणि शेतीही.

पुढे १९९० मध्ये अमेरिकेत मायकेल हॅमर यांनी एक लेख लिहिला आणि तो जगभर गाजला. जुन्या कामाला यंत्र जोडू नका, निरुपयोगी काम आधी मोडून टाका, हे त्याचं सार. अहमदनगरच्या कारकुनाला यात नवं फारसं काही वाटलं नसतं.

तरीही आपण यंत्राच्या मोहात पडलोच. १९९८ मध्ये हिंदूरावांच्याच मुलखात, कोल्हापूर-सांगलीच्या सीमेवर, वारणेच्या सहकारी साखर कारखान्याभोवतीच्या ७० गावांत संगणक बसवण्याचा प्रकल्प सुरू झाला. ऊसउत्पादकाला जगाची माहिती मिळेल असं स्वप्न होतं आणि ते मनापासून पाहिलेलं होतं. काही वर्षांनी संशोधकांनी जवळून पाहिलं तेव्हा त्या संगणकांवर मुख्यतः ऊस आणि खतांचे आकडे गावातून कारखान्याकडे आणि परत पाठवले जात होते. मग सात गावांत त्यांनी संगणकाऐवजी साधा मोबाइल दिला. शेतकऱ्याने एसएमएस करायचा, आपल्या उसाचं वजन किंवा खताचा हिशेब उलट एसएमएसने यायचा. काम कमी पैशांत, कमी विजेवर झालं, आणि माहिती शेतकऱ्याच्या स्वतःच्या खिशात आली. त्या चमूतले केंटारो तोयामा यांनी पुढे मांडलं, की तंत्रज्ञान माणसांत आणि संस्थांत आधी असलेल्या कुवतीलाच मोठं करतं. मला हे वारणेच्या अनुभवातून आलेलं शहाणपण वाटतं.

आता रुग्णालयाकडे परत येतो. दोन वर्षांपूर्वी माझ्या सासऱ्यांना दिल्लीतल्या एका रुग्णालयातून दुसऱ्या रुग्णालयात हलवावं लागलं. दोन्हीकडे संगणक होते, दोन्हीकडे बारकोड होते. तरी दुसरीकडे गेल्यावर सकाळी काढलेलं रक्त संध्याकाळी पुन्हा काढलं, कारण पहिल्या ठिकाणचा रिपोर्ट दुसऱ्या ठिकाणच्या पडद्यावर दिसत नव्हता. नर्सबाई चांगल्या होत्या. "बाबूजी, माफ करना," म्हणत त्यांनी शीर शोधली. एक सुई, एक सिरिंज, तीन नळ्या, हातमोज्यांची एक जोडी आणि ८१ वर्षांच्या माणसाचं दहा मिलिलिटर रक्त. टिकाऊपणा म्हणजे सौर पॅनेल आणि झाडं, असं आपल्याला शिकवलं जातं. त्या संध्याकाळी मला तो कचऱ्याच्या लाल पिशवीत पडलेल्या सिरिंजमध्ये दिसला. तिची गरजच नव्हती.

रुग्णालयाचा कचरा हे माहिती-तंत्रज्ञानाचं खरं परीक्षेचं ठिकाण आहे. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार पिवळी पिशवी जाळायच्या कचऱ्याला, लाल प्लॅस्टिकला, पांढरा डबा सुयांना, निळा काचेला. प्रक्रिया न केलेला कचरा ४८ तासांपेक्षा जास्त ठेवायचा नाही, आणि बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पिशवीवर बारकोड. हा बारकोड पिशवी कुठे पोचली ते सांगतो, आणि ते हवंच. पण मला त्याच्याकडून आणखी एक उत्तर हवं आहे: कुठल्या वॉर्डातून लाल पिशव्या जास्त येतात आणि का? हे त्या वॉर्डाच्या सिस्टरला दर महिन्याला कळलं, तर सिरिंज मुळातच कमी वापरली जाईल. आज तो आकडा वर जातो, खाली परत येत नाही. एक्स-रेची फिल्म जाऊन पडदा आला तेव्हा चांदीची फिल्म आणि ती धुण्याची रसायनं वाचली. तो निखळ फायदा होता. २०२२ च्या ऑक्टोबरपासून ओपीडीत क्यूआर कोड मोबाइलने स्कॅन करून टोकन मिळू लागलं. रांगेत उभं राहण्याचे तास वाचले, त्याचंही मोल आहे. पण रुग्णाची ती कागदांची पिशवी अजून हातातच आहे.

आणि आता सहाव्या गठ्ठ्याकडे. कागदाला जागा लागायची, म्हणून निंदणी करावीच लागायची. कपाट भरलं की कचेरी थांबायची. संगणकात कपाट भरत नाही, किंवा भरल्याचं दिसत नाही. म्हणून एकच अर्ज पाच जणांच्या मेलमध्ये, त्याचा स्कॅन तीन फोल्डरमध्ये, त्याचा फोटो व्हॉट्सॲपच्या चार गटांत, आणि वर 'खबरदारी म्हणून' प्रिंट काढून फाइलला लावलेला. निंदणी करणारं कुणी नाही. या सगळ्याला वीज लागते. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या हिशेबाने २०२४ मध्ये जगातल्या डेटा सेंटरांनी सुमारे ४१५ अब्ज युनिट वीज वापरली, जगाच्या एकूण विजेच्या दीड टक्का. १८६५ मध्येच जेव्हन्स या अर्थशास्त्रज्ञाने कोळशाबद्दल लिहिलं होतं, की इंजिन काटकसरी झालं की कोळसा कमी जळत नाही, उलट जास्त जळतो, कारण इंजिनंच वाढतात. नोंद स्वस्त झाली आणि नोंदी वाढल्या, हे त्याच जातीचं आहे.

यंत्रंही जुनी होतातच. २०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा झाला. त्यातला एक चतुर्थांशही रीतसर गोळा होऊन पुनर्वापराला गेल्याची नोंद नाही. हिंदूरावच्या टेकडीवरून पूर्वेला यमुनेपलीकडे काही किलोमीटरवर सीलमपूर आहे. तिथल्या गल्ल्यांत देशभरातून आलेले संगणक फोडले जातात. तांब्यासाठी तारा जाळतात, सर्किट बोर्डांतून धातू काढतात, बरेचदा उघड्या हातांनी. आपल्या 'कागदविरहित' कचेरीचा सहावा गठ्ठा तिथे पडलेला आहे, आणि त्याची निंदणी तिथे काम करणाऱ्यांच्या फुप्फुसांवर सोपवलेली आहे. हे मला मान्य नाही, आणि कुठल्याही संस्थेने हे आपल्या कारभाराबाहेरचं मानू नये.

अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखात एक आज्ञा आहे: ज्या भुशात जीव असतील तो जाळू नये, आणि वनाला विनाकारण आग लावू नये. दर नोव्हेंबरात शेतातला पेंढा जाळल्याचा धूर दिल्लीवर उतरतो तेव्हा ती मला आठवते. आज शेतातली ही आग पुसा इथली कृषी संशोधन संस्था उपग्रहावरून मोजते, आणि धुराचा अंदाज पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतून येतो. मोजण्यात आपण आता कुठेच कमी नाही. मोजलेलं ज्याच्या हाताशी काडी आहे त्याच्यापर्यंत, त्याला परवडेल असा दुसरा मार्ग घेऊन, कितपत पोचतं, याची मला खात्री वाटत नाही.

म्हणून संस्था चालवणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे. रुग्णालय असो, शाळा, सहकारी पतपेढी की गृहनिर्माण सोसायटी, नवी प्रणाली विकत घेण्याआधी एक दिवस कामकाज थांबवा आणि सगळ्यांनी मिळून सहा गठ्ठे करा. पाच तुमच्या सोयीने करा. सहाव्यावर मात्र तीन गोष्टी कागदावर लिहून सही करा: कुठली नोंद किती वर्षांनी पुसायची, ती कोण पुसणार, आणि ही यंत्रं मोडीत निघतील तेव्हा कुठल्या नोंदणीकृत पुनर्वापर केंद्रात जातील. प्रणाली विकायला आलेल्या माणसापुढे आधी तो कागद ठेवा.