चाहत्यांनी कोणाला मोठं म्हणावं?

अमेरिकन बेसबॉलचा अधिकृत हॉल ऑफ फेम न्यूयॉर्क राज्यातल्या कूपर्सटाउन या छोट्या गावात आहे. तिथे पोचायची मुख्य वाट म्हणजे अनुभवी क्रीडा पत्रकारांची ७५ टक्के मतं. खेळासोबत सचोटी आणि चारित्र्यही बघा, असं नियमच सांगतो. बॅरी बॉन्ड्सचे ७६२ होमरन आहेत, इतके दुसऱ्या कोणाचेच नाहीत. तरी उत्तेजकांच्या आरोपांमुळे तो दहा वर्षं मतपत्रिकेवर राहून २०२२मध्ये ६६ टक्क्यांवर अडकला.

पत्रकारांच्या निवडी न पटणाऱ्या चाहत्यांनी त्याच्या बऱ्याच आधी आपापले हॉल काढलेत. एक 'हॉल ऑफ मेरिट'. आकडे तपासायचे, वाद घालायचा, पंधरा खेळाडूंची क्रमवारी द्यायची. खेळाडूचा स्वभाव सामन्यावर जितका परिणाम करेल तितकाच धरायचा. सॉफ्टवेअरवाला म्हणून मला हे लगेच आवडतं. मोजता येत नाही ते नाहीच, असं धरून आमची अर्धी कामं होतात.

पण डोक्यात राहतो तो दुसरा हॉल. कॅलिफोर्नियातल्या 'बेसबॉल रेलिक्वरी' या संस्थेचा 'श्राइन ऑफ द इटर्नल्स'. इथे वर्गणीदार सभासद मत देतात आणि आकडेवारी ही मुख्य कसोटी नाही. (सोहळ्याची सुरुवात घंटा वाजवून होते, ब्रुकलिनच्या मैदानात गायीच्या गळ्यातली घंटा वाजवणाऱ्या हिल्डा चेस्टर या चाहतीच्या आठवणीत. मला तर एवढ्यावरच सभासद व्हावंसं वाटतं.) २०००मध्ये त्यांनी पॅम पोस्टेमाला निवडलं. ही बाई तेरा वर्षं खालच्या लीगमध्ये अंपायर होती, मेजर लीगने तिला घेतलंच नाही. तिचा आकडा कुठून आणणार?

मग प्रश्न येतो, चाहत्यांना हा अधिकार दिला कोणी?

जो जॅक्सनचं बघा. १९१९ची वर्ल्ड सिरीज हरण्यासाठी पैसे घेतल्याचा ठपका, कोर्टातून सुटका, तरी आजन्म बंदी. चाहत्यांनी २००२मध्ये त्याला आत घेतलं. पण १९१९मध्ये तिकीट काढून फसलेला माणूस त्या मतदारांत कोण होता? दुसऱ्याच्या वतीने माफ करणं सोपं असतं. त्यात आपलं काही जात नाही.

कर्ट फ्लडची गोष्ट उलटी आहे. सेंट लुइस कार्डिनल्सकडून बारा हंगाम, सात गोल्ड ग्लव्ह. ऑक्टोबर १९६९मध्ये क्लबने त्याला न विचारता फिलाडेल्फियाला देऊन टाकलं. तेव्हाच्या करारात 'रिझर्व्ह क्लॉज' होता: क्लब खेळाडूला कुठेही पाठवू शकायचा, खेळाडू मात्र करार संपला तरी आपणहून जाऊ शकायचा नाही. फ्लड गेला नाही. तो कोर्टात गेला. १९७२मध्ये सुप्रीम कोर्टात ५ विरुद्ध ३ असा हरला. मधल्या काळात १९७१मध्ये वॉशिंग्टनकडून तेरा सामने खेळला, की संपलंच. १९७५च्या अखेरीस लवादाने दुसऱ्या दोन खेळाडूंना मोकळं केलं, आणि ते कलम मोडलं.

आता बघा, हे कलम मालकांना सोयीचं होतंच, पण चाहत्यालाही होतं. मालकाने विकला नाही तर आवडता खेळाडू निवृत्तीपर्यंत आपल्याच गावच्या शर्टात. फ्लड जे मागत होता त्यात आपला हिरो उद्या जास्त पैशासाठी दुसऱ्या शहरात जाणार, हे ठरलेलंच होतं. आयपीएलच्या लिलावानंतर आपण चिडतो, तसंच. म्हणून फ्लडला दिलेलं मत मला जॅक्सनच्या मतापेक्षा वजनदार वाटतं. ज्याने आपली सोय मोडली, त्याला चाहते मोठा म्हणतायत. आणि मोजमापवाल्या हॉलमध्ये हे मत नोंदवायला रकानाच नाही.

कूपर्सटाउनने फ्लडला अजून घेतलेलं नाही. श्राइनच्या १९९९मधल्या पहिल्याच निवडणुकीत तो आला. तो गेला होता जानेवारी १९९७मध्ये.