वापरणारे किती?

लुमॉक्सिटी म्हणजे अँटिबॉडीच्या तुकड्याला जोडलेलं जिवाणूचं विष. हेअरी सेल ल्युकेमियाच्या पेशीवरची सीडी२२ ही खूण ओळखून ते आत शिरतं आणि पेशी मारतं. आधीची औषधं हरलेल्यांसाठी २०१८ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. २०२३ मध्ये कंपनीनं ते तिथल्या बाजारातून काढलं, कारण वापरणारे फार थोडे.

ॲपमधलं फीचर आम्हीही असंच काढतो. पण त्यानं कुणी मरत नाही.

आमच्या गडचिरोलीत हा प्रश्न रोजचा. रस्ता मागा, टॉवर मागा, उत्तर एकच: माणसं किती? १९७३ मध्ये हेमलकशात लोकबिरादरीनं आधी हेच विचारलं असतं, तर दवाखाना झालाच नसता.

कंपनीनं तोटा का सोसावा, हे मला पटतं. मग तिनं सोडलेल्या औषधाची कृती सरकारी कारखान्याला मिळावी. सर्पदंशाचं औषध बनवणारी हाफकिन सरकारचीच आहे.