पोटाची वही कोणासाठी लिहायची?

आजचं वाचन: भगवद्गीता, अध्याय १५, श्लोक १४



आजच्या श्लोकात भगवंत सांगतात की, प्राण्यांच्या देहात वैश्वानर अग्नी होऊन मीच राहतो आणि प्राण-अपानाच्या सोबतीने चारही प्रकारचं अन्न मीच पचवतो. म्हणजे ज्या पोटाची ओळख आपल्याला फक्त ॲसिडिटी आणि गॅसपुरती आहे, तिथे साक्षात देव बसलाय!

हल्ली आपल्यातले बरेच जण डायरी लिहितात. काय खाल्लं, पोट कसं होतं, मूड कसा होता. मग मनात येतं, सतत स्वतःच्या पोटाकडे बघत बसणं ही साधना की स्वतःतच गुंतून पडणं?

चरकसंहितेच्या विमानस्थानात याचं उत्तर शोधता येतं. पहिल्या अध्यायात जेवणाचे नियम आहेत: आधीचं पचल्यावर जेवा, मन लावून जेवा, आणि स्वतःकडे नीट पाहून, आपल्याला काय मानवतं ते ओळखून जेवा. म्हणजे स्वतःला पाहणं हा शास्त्राचाच भाग. आयुर्वेद प्रज्ञापराध म्हणतो तोही बुद्धी, धृती आणि स्मृती ढळल्यामुळेच होतो. रात्री अकराला तळलेलं खाल्ल्यावर सकाळी काय झालं होतं, हे आपण दर वेळी विसरतो ना? वही त्या स्मृतीला हात देते.

पण लगेच दुसऱ्या अध्यायात चरक आणखी एक गोष्ट सांगतात. पथ्याचं अन्न, तेही योग्य मात्रेत घेतलं, तरी चिंता, शोक, भय, क्रोध असेल तर ते पचत नाही. आता विचार करा. वही उघडली की धडधडायला लागलं, एक वडापाव लिहिताना अपराधी वाटलं, तर ती वहीच अपथ्य झाली! आणि उलट बाजूही आहे. 'मी किती सात्त्विक खातो' हे लिहून शेजारच्या ताटाला नावं ठेवली, तर जेवण सात्त्विक राहिलं, पण जेवणारा राहिला का?

म्हणून प्रश्न लिहावं की नाही हा नाहीच. कोणासाठी लिहायचं, हा आहे. न्यायाधीशासाठी लिहिलं तर भीती वाढते, लोकांना दाखवायला लिहिलं तर अहंकार. आत बसलेल्या वैश्वानरासाठी लिहिलं तर तो नैवेद्याचा हिशोब होतो. देवापुढे काय ठेवलं, कोणत्या मनाने ठेवलं, एवढंच. तिथे खोटं लिहून उपयोग नाही, आणि घाबरायचंही कारण नाही.

आज रात्री तीनच ओळी लिहून बघा. खरी भूक होती का? जेवताना मन कुठे होतं? नंतर अंग हलकं वाटलं की जड? मार्क द्यायचे नाहीत. वही मिटताना एक नमस्कार करायचा.

आणि हो, लिहिण्याने खाण्याचीच भीती बसत असेल तर वही खुशाल बाजूला ठेवा. त्रास रोजचाच असेल, वजन उतरत असेल किंवा रक्त दिसत असेल, तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा. देहातल्या देवाची तीही सेवाच.

हरी ॐ 🌿