आजचे चिंतन : फळ आणि दोष

आज गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला ४७ वा श्लोक. लहानपणापासून पाठ आहे, पण दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत एका आईने तो मला पुन्हा वाचायला लावला.

तिचा मुलगा अडीच वर्षांचा. मेंदूत मेड्युलोब्लास्टोमाची गाठ. परळच्या टाटा रुग्णालयात ऑपरेशन झालं, आता केमो सुरू आहे. "विषच ना हो काका ते? आणि मीच त्याला धरून बसवते."

खोटं कसं म्हणू? व्हिन्क्रिस्टिन, सिस्प्लॅटिन ही औषधं गाठीबरोबर चांगल्या पेशींनाही मारतात. पण इतक्या लहान मेंदूला किरणोपचार त्याहून जास्त इजा करतात. म्हणून तीन वर्षांखालच्या मुलांत डॉक्टर केमो देऊन ते टाळायला, निदान लांबवायला बघतात.

मग तिने विचारलं, "फळाची आशा सोडायची म्हणतात. आईने कशी सोडायची?"

मला उत्तर सुचलं नाही. घरी येऊन श्लोक सावकाश वाचला. आशा सोड, असं त्यात कुठेच नाही. फळावर तुझा हक्क नाही, इतकंच आहे. पुढे आहे, फळाला आपणच कारण असं धरू नकोस. आणि शेवटी, हात बांधून बसूही नकोस.

म्हणजे केमो द्यायची. ताप बघायचा, हात धुवायचे. पण उद्या काही उणं झालं, तर दोष तिचा नाही.

पुढच्या गुरुवारी तिला एवढंच सांगितलं. ती काही बोलली नाही. पोराच्या काखेत थर्मामीटर लावून बसली.

रामकृष्णहरी.